सरांचं नेट गेलं तेव्हा



पत्रिकेवर माझा विषय ‘विद्यार्थी आणि नेतृत्वगुण’ असा छापलाय. त्यामुळे थोरांची चरित्रं ऐकायला मिळतील अशा अपेक्षेनं कुणी आलं असेल, तर त्यांनी आत्ताच पंख्याखालची खुर्ची दुसऱ्याला दिली तरी मी वाईट वाटून घेणार नाही. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. निबंध तपासणं हा माझा पोटाचा उद्योग. आज बोलणार आहे ते मुलांच्या निबंधांबद्दल, आणि करोनाच्या काळात जी शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरली तिच्याबद्दल.

शाळा पुन्हा नियमित भरायला लागल्यावर नववी-दहावीच्या मुलांना मी थोड्या अंतरानं दोन विषय लिहायला दिले. पहिला, ‘नेत्याच्या अंगी कोणते गुण असावेत?’ दुसरा, ‘ऑनलाइन शाळेत मी काय शिकलो?’

पहिल्या विषयाच्या वह्या तपासताना डोळा लागायची वेळ आली. नेता धाडसी असावा, निर्णय घेणारा असावा, त्याचं वक्तृत्व प्रभावी असावं, त्यानं वेळ पाळावी. उदाहरणंही ठरलेली: शिवाजी महाराज, डॉ. कलाम, आणि मुलग्यांच्या वह्यांत हमखास धोनी. वेळ पाळण्याचा मुद्दा ज्यानं सर्वांत ठसठशीत अक्षरात लिहिला होता, त्याची वही सर्वांत शेवटी आली. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. गाइडात असंच लिहिलेलं असतं, आणि आम्ही गुण देणारेही असंच वाचायला सोकावलेलो आहोत.

दुसऱ्या विषयाच्या वह्या निराळ्या निघाल्या. शुद्धलेखन पार घसरलेलं, पण वाक्यं ज्याची त्याची. एका मुलीनं लिहिलं होतं की तिच्या मैत्रिणीच्या घरी फक्त बटणांचा फोन होता, म्हणून ही रोज संध्याकाळी तिला फोन करून गणितं सांगायची. आधी नुसते आकडे सांगायची. मग पलीकडून ‘हे असं का?’ असं विचारणं सुरू झालं, आणि त्या ‘का’ची उत्तरं शोधता शोधता हिलाच पहिल्यांदा बीजगणित समजलं. एका मुलानं देवळाच्या कट्ट्यावर भरणाऱ्या चौघांच्या वर्गाचं वर्णन केलं होतं. मोबाइल एकाचा होता, नेटपॅकचे पैसे दुसऱ्याचे, आणि शिकवायचा तिसराच, कारण सरांचा आवाज तुटायला लागला की पुढचं काय असणार हे त्याला कळायचं. चौथा काय करायचा? रेंज कुठं येते ते शोधायचा. निबंध या चौथ्याचा होता.

आणखी एका मुलाबद्दल दोन-तीन वह्यांत उल्लेख आला. वर्गाच्या ग्रुपवर सरांनी रात्री टाकलेली लिंक सकाळपर्यंत सुविचारांच्या आणि गुलाबाच्या फुलांच्या खाली गाडली जायची. हा मुलगा रोज तासाच्या पाच मिनिटं आधी ती शोधून पुन्हा टाकायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो तापानं आडवा पडला तेव्हा निम्मा वर्ग गैरहजर लागला, आणि तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं की हे काम कुणीतरी करत होतं.

गंमत अशी की या दुसऱ्या गठ्ठ्यात ‘नेतृत्व’ हा शब्द एकाही वहीत नव्हता. लिंक टाकणाऱ्या त्या मुलाची पहिली वही मी मुद्दाम काढून पाहिली. त्यानं धोनीवर लिहिलं होतं.

माझं आजचं म्हणणं या दोन गठ्ठ्यांच्या मधल्या फटीत आहे. आपण मुलांना नेतृत्वाची जी व्याख्या पाठ करायला देतो, ती वर उभ्या असलेल्या माणसाची आहे. मुलांनी स्वतः जे केलं, ते या व्याख्येत बसत नाही. म्हणून ते त्यांना स्वतःलाही दिसत नाही.

आता थोडं त्या काळाबद्दल. माणसं फार लवकर विसरतात, आणि समोर बसलेली लहान मुलं तेव्हा बालवाडीतही नसतील. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, तो शेवटी झालाच नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा निघाली. घोषणा चांगली होती, पण शिक्षण कशावर सुरू राहणार हा प्रश्न होता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची 2017-18 सालची आकडेवारी पाहा. इंटरनेटची सोय असलेली कुटुंबं देशात 23.8 टक्के, आणि ग्रामीण भागात 14.9 टक्के. ग्रामीण शिक्षणाच्या ‘असर’ या पाहणीनुसार, शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचं प्रमाण 2018 साली 36.5 टक्के होतं, ते सप्टेंबर 2020 मध्ये 61.8 टक्के झालं. हा आकडा वाचून काहींना प्रगती दिसते. मला त्यात विकलेली शेळी आणि मोडलेली पुतळ्यांची माळ दिसते. बरं, घरी फोन आला म्हणजे तो मुलाच्या हातात आला असंही नाही. फोन बापाच्या खिशात, आणि बाप दिवसभर कामावर.

ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांच्यासाठीही धडपड झाली. जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं. पहिली ते आठवीच्या मुलांचा तो एक आधार होता. आकाशवाणीवरून पाठ झाले. पालघरकडच्या काही पाड्यांवर भोंग्यावरून धडे ऐकवले गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’चे मानकरी ठरले आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची त्यांची कल्पना त्या वर्षी सगळ्यांना एकदम पटली. आधी तो काळा-पांढरा चौकोन म्हणजे पानावर पडलेला डाग समजणारे पालक मी पाहिले आहेत.

तर अशा परिस्थितीतला, एका वहीतला प्रसंग मला जरा सावकाश सांगायचाय.

झूमवर गणिताचा तास चालू होता. फुकटातलं झूम चाळीस मिनिटांनी तुटायचं, म्हणजे जवळपास शाळेच्या एका तासाएवढंच. कंपनीला आमचं वेळापत्रक कुणी दिलं होतं कोण जाणे. पण त्या दिवशी मध्येच सरांचं नेट गेलं. अशा वेळी कधी कधी होस्टपण आपोआप वर्गातल्याच एखाद्याकडे जायचं. तसं ते एका मुलाकडे गेलं. पहिली काही मिनिटं जे व्हायचं तेच झालं. कुणी गाणं लावलं, कुणी पडद्यावर रेघोट्या ओढल्या, ज्याच्या हाती होस्टपण आलं होतं त्यानं आपल्या जुन्या शत्रूंना म्यूट करून घेतलं. मग दंगा ओसरला, कारण समोर कुणी चिडणारं नसेल तर दंग्यात फारशी मजा राहत नाही. आणि एका मुलीनं विचारलं, चौथं उदाहरण कुणाला सुटलंय का? ही मुलगी वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. तिचा आवाज हजेरीपुरताच ठाऊक. एकानं उत्तर सांगितलं. दुसरा म्हणाला, चुकलंय. तिसऱ्यानं वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. होस्ट झालेल्या मुलानं म्यूट केलेल्यांना एकेक करून सोडवलं, कारण त्यातल्याच एकाला गणित येत होतं.

एवढ्यात सर दुसऱ्या फोनवरून परत आले. त्यांना ऐकू आला तो सात-आठ जणांचा एकाच वेळी चाललेला कल्ला. ‘कोण बोलतंय?’ असं म्हणून त्यांनी सगळ्यांना म्यूट केलं आणि पाचवं उदाहरण घेतलं.

वहीत पुढं काही नव्हतं. लिहिणाऱ्या मुलानं त्यावर टीका केली नव्हती, तक्रारही नव्हती.

हा प्रसंग वाचल्यावर मला बी.एड.ला वाचलेला एक जुना प्रयोग आठवला. कुर्ट लेविन हा ज्यू मानसशास्त्रज्ञ हिटलरची राजवट आल्यावर 1933 साली जर्मनी सोडून अमेरिकेत गेला. तिथं आयोवामध्ये त्यानं रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या सहकाऱ्यांबरोबर दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे छोटे गट केले. शाळा सुटल्यावर जमायचं, मुखवटे बनवायचे, असली हौसेची कामं करायची. प्रत्येक गटाला एक प्रौढ नेता. काही नेते हुकूम सोडायचे. पुढची पायरी काय हेही आधी सांगायचे नाहीत. काही जण मुलांना विचारून, चर्चा करून काम ठरवायचे. तिसऱ्या प्रकारचे नेते नुसते बसून असायचे, विचारलं तर सांगायचे. पुढं हेच गट दुसऱ्या पद्धतीच्या नेत्यांकडेही सोपवले गेले, म्हणजे मुलंच तशी होती अशी पळवाट राहू नये. 1939 साली हे निष्कर्ष छापून आले.

यातला एक भाग आपण शिक्षक आवडीनं सांगतो, की मुलांना चर्चा करणारा नेता अधिक आवडला. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भाग. नेता मध्येच ठरवून खोलीबाहेर जायचा, आणि मागं काय होतं याची नोंद व्हायची. हुकमी नेता समोर असताना त्याच्या गटात काम चांगलं व्हायचं, हे लपवायचं कारण नाही. पण तो बाहेर पडला की काम धाडकन खाली यायचं. चर्चा करणाऱ्या नेत्याच्या गटात तो असला काय नि नसला काय, फारसा फरक पडत नव्हता. आणि नुसत्या बसून राहणाऱ्या नेत्याच्या गटात तो बाहेर गेल्यावर काम उलट वाढलं. मुलांपैकीच कुणीतरी सूत्रं हातात घ्यायचं.

लेविनला त्यासाठी प्रयोगशाळा उभारावी लागली. आमच्याकडे दोन वर्षं सरांचं नेट रोज जात होतं. एवढा मोठा प्रयोग फुकटात चालला होता, पण त्याची नोंद ठेवायला कुणी बसलेलं नव्हतं. जी काही नोंद राहिली ती मुलांच्या वह्यांत आहे, तीही शुद्धलेखनाचे गुण कापलेल्या वह्यांत.

आता तुम्ही विचाराल, शाळेत मुलांच्या हाती जबाबदारी देण्याची सोय आधीपासून आहे की! मॉनिटर असतो, शालेय मंत्रिमंडळ असतं, परिपाठाला गट लावलेले असतात. या मॉनिटरची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. आपल्या पंतोजींच्या शाळांत धूळपाटीवर अक्षरं गिरवायची आणि मोठ्या मुलानं लहान मुलाला शिकवायचं अशी जुनी रीत होती. मद्रासला एग्मोर इथल्या लष्करी अनाथालयाची शाळा 1789 पासून अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे आली. त्यानं देशी शाळेतली मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढताना पाहिली आणि आपल्या शाळेत तेच करा म्हणून मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी नाकं मुरडली. तेव्हा बेलनं जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलालाच वर्ग शिकवायला लावला. त्यानं तो उत्तम शिकवला. बेलनं 1797 मध्ये लंडनला याची हकीकत छापली, जोसेफ लँकेस्टरनं तिकडे अशीच पद्धत चालवली, आणि मॉनिटर जगभर पोचला.

म्हणजे मॉनिटर मुळात शिकवणारा होता. आज आपल्या वर्गात त्याचं काय उरलंय? बाई बाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. जास्त बोलला तर नावापुढं फुली. मुलांच्या मनात पुढारीपणाची पहिली प्रतिमा उमटते ती ही, खडू हातात धरून इतरांकडे संशयानं पाहणाऱ्या मुलाची. झूमच्या तासाला होस्ट झालेल्या मुलानंही आधी तेच केलं, विरोधकांना म्यूट केलं. सुरुवातीला गूगल मीटवर तर कुणीही कुणालाही म्यूट करू शकायचं. आमच्या एका बाईंचं अर्धं व्याख्यान मुलांनी अशा रीतीनं निःशब्द करून टाकलं होतं, आणि बाई बोलतच होत्या.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. संकटात मुलांचं नेतृत्व कसं फुललं, अशी गोड गोष्ट मला तुम्हाला सांगायची नाही. डोंगरावर छत्री धरून अभ्यास करणाऱ्या मुलीचा फोटो पेपरात आला की आपण तिच्या जिद्दीला सलाम करतो, आणि गावात टॉवर का नव्हता हे विचारायचं विसरतो. दुसऱ्या गठ्ठ्यात असेही निबंध होते, की दिवसभर धाकट्या भावाला त्याच्या तासाला बसवायचं, त्याचा स्वाध्याय पीडीएफ करून पाठवायचा, भाकरी करायच्या, आणि स्वतःचा तास मात्र चुकवायचा, कारण फोन एकच. असं लिहिणाऱ्या बहुतेक मुलीच होत्या. ‘असर’च्या त्या पाहणीतही दिसलं होतं की जिथं आईवडील फारसे शिकलेले नव्हते, तिथं मोठ्या भावंडांनी धाकट्यांना शिकवलं. या ताईंनी केलं ते नेतृत्व की वेठ? माझ्या मते फरक एवढाच की नाही म्हणायची मुभा होती का. लिंक टाकणाऱ्या मुलाला ती होती. ताईला नव्हती. तिच्या कर्तबगारीचं कौतुक करताना हे विसरलो, तर आपण तिच्यावर आणखी एक काम लादतोय.

वेठ न होता मुलांच्या हाती कारभार कसा देता येतो, याची उत्तम परंपरा आपल्याकडे आहे, त्यासाठी आयोवाला जायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. सर्व जातींची मुलं तिथं एकत्र राहायची, आपापसांत कामं वाटून घ्यायची, हातानं स्वयंपाक करून एका पंगतीला जेवायची. 1927 साली गांधीजी तिथं येऊन गेले आणि वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथं ‘नेतृत्वगुण’ असा विषय नव्हता. भाकरी कमी पडल्या तर सगळेच अर्धपोटी राहणार, एवढी साधी गोष्ट होती. दुसरीकडे पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनं 1962 पासून, आप्पा पेंडशांच्या काळापासून, बुद्धिमान मुलं निवडून त्यांच्यातून समाजाचं नेतृत्व घडवायचं असं व्रत घेतलं. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण निवड आधी आणि जबाबदारी नंतर, हा क्रम मला नेहमी थोडा खटकत आला आहे. शेवटच्या बाकावरची ती मुलगी कुठल्याच निवड चाचणीत वर आली नसती. जागा रिकामी झाली म्हणून ती बोलली.

2021 साली दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला निम्मं वजन दिलं, उरलेलं अंतर्गत मूल्यमापन, आणि राज्याचा निकाल लागला 99.95 टक्के. पुढं त्या मुलांना ‘करोना बॅच’ म्हणून चिडवलं गेलं, अजूनही चिडवतात, मुलाखतींतसुद्धा. त्या दोन वर्षांत या मुलांनी काय केलं ते गुणपत्रिकेत नाही. आणि शाळा उघडल्या उघडल्या आम्ही काय केलं? बाकं पुसली, सॅनिटायझर ठेवलं, आणि पहिल्याच आठवड्यात मॉनिटर नेमला. सर्वाधिक गुण मिळालेला मुलगा आणि सर्वाधिक गुण मिळालेली मुलगी.

वेळ संपत आली आहे. संयोजकांनी दिलेल्या चिठ्ठ्या घेतो.

पहिली चिठ्ठी: ‘मग मॉनिटर पद रद्दच करावे काय?’ रद्द करायला नको, पण त्याच्या हातचा खडू काढून घ्यावा. मी मुख्याध्यापकांच्या परवानगीनं एक करून पाहतो. आठवड्यातला एक तास वर्गाला काम देऊन व्हरांड्यात बसतो, तेही वर्गाला पाठ करून. आधी शेजारच्या वर्गावरच्या बाईंची तक्रार आली. ती अजूनही येते, पण कमी. मी आत जातो तेव्हा कधी काम झालेलं असतं, कधी नसतं. झालेलं असेल तर कुणी करवून घेतलं हे मी विचारत नाही. विचारलं की पुढच्या वेळी ते काम माझ्यासाठी केलं जाईल. नसेल झालं, तर का नाही झालं ते मुलांनीच मला सांगायचं. यात अभ्यासक्रम मागं पडतो का? पडतो, थोडा.

दुसरी: ‘मुलगा दिवसभर मोबाइल पाहतो, उपाय सांगा.’ उद्याच्या वक्त्या बालमानसतज्ज्ञ आहेत. मी त्यांच्या विषयात हात घालत नाही.

तिसरी, एका मुलाची दिसतेय, वहीचं पान फाडून दिलंय: ‘लिंक टाकणाऱ्या दादाला बक्षीस मिळालं का?’ नाही मिळालं. आदर्श विद्यार्थ्याचं बक्षीस गुण आणि हजेरी बघून देतात. त्याची हजेरी कमी भरली. सगळे आत आले की नाही हे बघता बघता तो स्वतः उशिरा जोडला जायचा, आणि हजेरी तासाच्या सुरुवातीलाच घेतली जायची. हे मला त्याच्या दुसऱ्या निबंधातून कळलं. तोपर्यंत बक्षीस समारंभ होऊन गेला होता.

चौथ्या चिठ्ठीतलं अक्षर मला लागत नाही. ज्यांची असेल त्यांनी उभं राहून विचारावं.